‘स्नीकर मेल’ : चोर नर की चोरटा नर?

नाशिकरोडच्या एका जीवशास्त्र शिक्षिकेने विचारले आहे : माशांच्या प्रजननाविषयी लिहिताना ‘स्नीकर मेल’साठी, म्हणजे दुसऱ्या नराच्या घरट्यात लपून शिरून शुक्राणू सोडणाऱ्या नरासाठी, मराठीत काय वापरावे? ‘चोर नर’, ‘ठेंगू नर’ की ‘पिल्लू नर’?

‘पिल्लू’ आधी बाद करा. हा नर पुरता वयात आलेला असतो. कॅनडातल्या ओपिनिकॉन तलावातल्या ब्लूगिल माशात घरटे करणारा मोठा नर साधारण ७व्या वर्षी वयात येतो, हा मात्र दुसऱ्याच वर्षी. वाढीचे बळ लवकरच वृषणांकडे वळते, म्हणून अंग लहान राहते. ‘ठेंगू’त ते लहान अंग आले, करणी नाही आली. मादी अंडी घालत असतानाच पाणवनस्पतींच्या आडून झपकन घुसायचे, शुक्राणू सोडायचे आणि पळायचे, ही ती करणी.

आता ‘चोर’. चोर ऐवज उचलून नेतो, हा तर स्वतःचे दुसऱ्याच्या घरट्यात टाकून जातो. ‘चोरटा’ म्हणजे लपूनछपून केलेला : चोरटी नजर, चोरटी वाहतूक. शिवाय ‘पोर’चे ‘पोरटे’ होते तसा ‘टा’ लागला की किरकोळपणाही येतो. अंग आणि करणी, दोन्ही एका शब्दात. तेव्हा ‘चोरटा नर’च लिहा.

घरटे सांभाळणाऱ्याला ‘पालक नर’पेक्षा ‘राखणदार नर’ बरा. द्राक्षबागेची राखण पाहिलेल्या आपल्याकडच्या मुलांना तो लगेच कळेल. ब्लूगिलचे चोरटे नर ४-५ वर्षांचे झाले की मादीसारखे दिसू-वागू लागतात आणि जोडीच्या मध्ये शिरतात. त्यांना ‘तोतया’ म्हणू नका. तोतया एका ठरावीक माणसाचे नाव घेऊन येतो. इथे ‘बहुरूपी नर’ चपखल बसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ब्लूगिलमधला चोरटा पुढे कधीच राखणदार होत नाही, म्हणून तिथे ‘चोरटा नर’ हा प्रकार ठरतो. आपल्या बाजारातल्या चिलापी (तिलापिया) माशाचे तसे नाही. मोझांबिक चिलापीचा वरचढ नर काळा पडतो आणि तळाशी खळगा करून तो राखतो. दबलेला नर मादीसारखा फिका राहून त्याच खळग्यात शिरतो, पण वरचढ झाला की तोही काळा पडून खळगा धरतो. अशा ठिकाणी ‘चोरटा नर’ न लिहिता ‘नर चोरटा डाव खेळतो’ असे लिहावे.