केबलवाल्याचं नेट विंडोजवर चालतं, मग लिनक्सवर का नाही?

तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीत केबलवाल्याची लॅन वायर गच्चीवरून थेट घरात आली आहे. ती विंडोजच्या लॅपटॉपला लावली की नेट चालतं, पण विंडोजऐवजी नव्यानं लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकलेल्या डेस्कटॉपला लावली की नुसतं चिन्ह फिरत राहतं. आणि केबलवाले म्हणतात, ‘लिनक्सला आमचा सपोर्ट नाही.’ ते शेवटचं वाक्य मनावर घेऊ नका. अशा लाइनला लागणारं सगळं मिंटमध्ये आहे. सपोर्ट नाही म्हणजे त्यांच्या पोराला फक्त विंडोजमधली सेटिंग पाठ आहे. यासाठी पुन्हा विंडोज टाकू नका.

डेस्कटॉप उघडायच्या आधी लॅपटॉप बघा. तिथं नेट चालतंय म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच लिहिलेलं आहे. लॅपटॉपला वायर लावा, नेट सुरू करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.) जे येईल त्याचा फोटो काढून ठेवा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, पीपीपी अ‍ॅडाप्टर असा भाग दिसतो का? किंवा नेट सुरू करताना लॅपटॉप युजरनेम-पासवर्ड मागतो का? तसं असेल तर तुमची लाइन पीपीपीओईची, म्हणजे आधी युजरनेम-पासवर्डनं डायल करावी लागणारी आहे. मिंट आपणहून तसं डायल करत नाही, ते साध्या पद्धतीनं आयपी पत्ता मागत बसतं आणि पलीकडून कुणी उत्तर देत नाही. ‘नेटवर्क कनेक्शन्स’ उघडा, अधिकचं चिन्ह दाबा, डीएसएल/पीपीपीओई निवडा, केबलवाल्यानं दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड भरा. सर्व्हिसचा रकाना मोकळा सोडा.

दुसरी, डीएचसीपीपुढे (म्हणजे पत्ता आपोआप मिळण्याच्या सोयीपुढे) ‘नो’ आहे का? मग पत्ता हातानं भरलेला आहे. आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हे चारही आकडे जसेच्या तसे मिंटच्या ‘नेटवर्क कनेक्शन्स’मधल्या वायरच्या कनेक्शनच्या आयपीव्ही४ मध्ये ‘मॅन्युअल’ निवडून टाका. दोन्ही मशीन एकदम जोडू नका, एकाच पत्त्यावरून भांडण होईल.

डीएचसीपीपुढे ‘येस’ असेल, तर माझा संशय तिसऱ्या गोष्टीवर आहे: मॅक बाइंड. प्रत्येक नेटवर्क कार्डाला बारा अक्षर-आकड्यांचा स्वतःचा पत्ता असतो, त्याला मॅक म्हणतात. एका कनेक्शनवर दोन घरं चालू नयेत म्हणून बरेच लोकल ऑपरेटर पहिल्या दिवशी जे मशीन लागलं त्याचाच पत्ता नोंदवून ठेवतात. दुसऱ्या मशीनला लाइन ओळखच देत नाही. ते दुसरं मशीनही विंडोजचं असतं तरी हेच झालं असतं! केबलवाल्यांना फोन करून सरळ सांगा, ‘दादा, मशीन बदललंय, जुना मॅक काढून हा नवीन घाला.’ लिनक्सचं नावही घेऊ नका. नवीन पत्ता मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘आयपी ए’ दिल्यावर ‘लिंक/ईथर’ या शब्दापुढे दिसेल.

रविवारी कुणी फोन उचलत नसेल तर तात्पुरता उपाय आहे. मिंटच्या ‘नेटवर्क कनेक्शन्स’मध्ये वायरचं कनेक्शन उघडा, तिथं इथरनेटच्या टॅबवर ‘क्लोन्ड मॅक अ‍ॅड्रेस’ असा रकाना आहे, त्यात लॅपटॉपचा फिजिकल अ‍ॅड्रेस टाका (विंडोज मॅकला हेच म्हणतं, तो फोटोत दिसेल). कायमचा इलाज मात्र छोटा राउटर हाच. त्याचा मॅक एकदा नोंदवून घेतला की मागे किती मशीन लावता ते तुमचं तुम्ही बघा.

त्याच ‘आयपी ए’मध्ये वायरच्या कार्डापुढे ‘नो-कॅरिअर’ दिसलं, तर हे सगळं बाजूला ठेवा. म्हणजे सिग्नलच येत नाही. वायरची क्लिप नीट बसली आहे का आणि पोर्टचा दिवा लागतो का ते बघा. आपल्याकडच्या पावसात गच्चीवरचा उघडा जॉइंट हिरवा पडतो, आणि जेमतेम उरलेल्या संपर्कावर एक मशीन चालतं, दुसरं नाही. तो जॉइंट कापून नवीन क्लिप मारायला लावा. नुसती टेप गुंडाळून घेऊ नका, टेपच्या आत पाणी साचतं.

पत्ता मिळाला तरी पानं उघडत नसतील तर ‘पिंग ८.८.८.८’ द्या. उत्तर येत असेल तर लाइन ठीक आहे, बिघाड डीएनएसमध्ये आहे. उत्तर येत नसेल तर ब्राउझरमध्ये ऑपरेटरचं लॉगिनचं पान उघडून बघा. डीएनएस हातानं बदलला असेल तर आधी तो पूर्ववत करा, नाहीतर ते पान कधीकधी उघडतच नाही.

पीपीपीओईवर काही साइट उघडतात आणि काही लटकतात असं झालं, तर एमटीयू बघा, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा. साध्या इथरनेटवर तो १५००, पीपीपीओईचे ८ बाइट वजा करून १४९२. ‘पिंग -एम डू -एस १४६४ ८.८.८.८’ देऊन तपासा (यातला एम मोठा). वर २८ बाइट हेडरचे धरून बरोबर १४९२ होतात. हे जात नसेल तर आकडा थोडा थोडा कमी करत जा. जो पहिला जाईल त्यात २८ मिळवून तो एमटीयूच्या रकान्यात भरा.

एवढं करूनही अडलं तर लॅपटॉपचा फोटो आणि ‘आयपी ए’चं उत्तर इथं टाका, मी बघतो. टाकताना युजरनेम आणि मॅकचे शेवटचे सहा आकडे तेवढे झाका.