आधी धुण्याची वाटणी ठरव

सांगली

चि.स अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र आणि सोबतचे किराण्याच्या बिलांचे फोटो नीट पाहिले. दोघंही कमावता, कुठे उधळपट्टी नाही, तरी महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, आणि आता ही गोड बातमी. म्हणून तू बांबूचे ब्रश, सिलिकॉनची झाकणं, काचेच्या बरण्या असा मोठा संच मागवायचं ठरवते आहेस. एवढ्यात मागवू नकोस. काटकसरीची सुरुवात चार-पाच हजारांच्या खरेदीने केलीस तर ते पैसे वसूल व्हायलाच वर्ष जाईल, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू माळ्यावर जातील.

आधी ती बिलं पुन्हा समोर घे. दर महिन्याला येतात आणि वापरून थेट कचऱ्यात जातात, अशाच ओळींवर खूण कर. मी केली. किचन रोल, फॉइल, कचऱ्याच्या पिशव्या, जमीन पुसायचे वाइप्स. पण सगळ्यात मोठा आकडा या बिलांत नाहीच, तो तुझ्या पत्रात आहे. ऑफिसला जाताना दोघं रोज वीस रुपयांची पाण्याची बाटली घेता. महिन्याचे बावीस दिवस धरले तर एकाचे ४४०, दोघांचे ८८०, वर्षाचे साडेदहा हजार. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, मग त्यातलंच पाणी भरून न्या. सहाशेची स्टीलची बाटली घेतलीस तरी तिसाव्या फेरीला तिची किंमत वसूल होते. तिचं तोंड हात आत जाईल एवढं रुंद हवं आणि रबराची चकती निघणारी हवी, नाहीतर आत वास धरतो आणि बाटली आठवड्यात मागे पडते.

आता स्वयंपाकघर. इथे विकत घ्यायचं जवळपास काहीच नाही. एक जुनी, धुऊन मऊ झालेली सुती पाचवारी घे आणि हाताने टरकाव. सुती कापड धाग्याला धरून सरळ फाटतं, कात्रीही लागत नाही. फूटभराचे चौकोन केलेस तर चाळीसेक फडकी निघतील. कडांना शिलाई मारून घे, म्हणजे दशा सुटणार नाहीत. यातली पोळ्यांची वेगळी ठेव. गरम पोळी फॉइलमध्ये गुंडाळली की वाफ आतच राहते आणि पोळी ओलसर होते. सुती फडकं ती वाफ शोषून घेतं. ओट्याचं मसोतं वेगळं, फ्रीज-टेबल पुसायचं वेगळं. यांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नकोस, कपड्याचा रंगच वेगळा ठेव म्हणजे पाहुण्यांनाही कळेल. आठवड्यातून एकदा सगळी फडकी धुण्याचा सोडा घालून उकळ आणि उन्हात टाक. ओलं फडकं नळाला लटकत ठेवायचं नाही. किचन रोल लोकांना स्वच्छ वाटतो तो याच एका कारणाने: आपण फडकी नीट वाळवत नाही.

दारावर बोहारीण आली की जुने कपडे देऊन भांडं घ्यायची आपली पद्धत चांगलीच आहे. फक्त द्यायचं असेल ते सिंथेटिक आणि जाडजूड दे. मऊ सुती कापड घरातून जाऊ देऊ नकोस, ते तुला पुढे किती लागणार आहे ते सांगते.

कचऱ्याच्या पिशव्यांबद्दल एवढंच, की ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला लागलात की सुक्याला पिशवी लागतच नाही. ओल्याची बादली रोज रिकामी करून विसळायची. कापडी पिशव्या मात्र नव्या घेऊ नकोस. २३ जून २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक समारंभात कापडी पिशवी वाटतात. तुझ्याकडेही ढीग असेल. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता, की सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरली तरच हवामानाच्या दृष्टीने ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा सरस ठरते. म्हणजे दोन पिशव्या ठेव, दाराच्या खुंटीला एक आणि गाडीच्या डिकीत एक, आणि त्याच फाटेपर्यंत वापर.

पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलबद्दल विचारलं आहेस. भिंतीवरच्या घड्याळासाठी आणि टीव्हीच्या रिमोटसाठी घेऊ नकोस. त्यांना वीज इतकी थोडी लागते की साधा सेल महिनोन् महिने जातो, चार्जरचे पैसे कधीच निघणार नाहीत. बाळ मोठं होऊन चालती-बोलती खेळणी आली की मग घे.

आता मूळ मुद्दा, डायपरचा. नवजात बाळाला दिवसाला आठ-दहा वेळा बदलावं लागतं. दहा रुपयांचा एक आणि दिवसाला आठ धरले तरी महिन्याचे २,४०० होतात. तुझ्या बाकी सगळ्या यादीतून मिळून एवढं वाचणार नाही. म्हणून डोकं इथे चालव. दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, अशी विभागणी केलीस तरी रोजचे सहा वाचतात, म्हणजे महिन्याला अठराशे. सगळंच कापडी करायचा हट्ट धरू नकोस. पहिल्या महिन्यात झोप मिळाली नाही तर तू दुसऱ्याच आठवड्यात सगळं सोडून देशील, आणि आईची झोप अठराशे रुपयांहून मोलाची आहे.

लंगोट दोन डझन तरी हवेत. बाळ जुलै-ऑगस्टमध्ये आलं तर तीन डझन कर, कारण पुण्याच्या पावसात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत आणि दमट लंगोटाने पुरळ उठतं. शी आधी कमोडमध्ये झटकून पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची, मग लंगोट झाकणाच्या बादलीत, आणि एक दिवसाआड मशीन पूर्ण भरून लावायचं. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव लंगोटांना अजिबात घालू नकोस, त्याने कापडाची शोषायची ताकद कमी होते. पिवळे डाग उन्हात आपोआप फिके होतात.

जे डायपर वापराल ते कागदात घट्ट गुंडाळून वेगळे द्या आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली, कारण तो कचरा पुढे माणसाच्या हातानेच वेगळा केला जातो. पुडीत काय आहे ते त्यांना उघडून बघायला लागू नये.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ते. या सगळ्या बदलांत पैसे वाचतात ते कुणीतरी धुतं म्हणून. वाइप्सच्या पाकिटाबरोबर तू न धुण्याची मुभा विकत घेत होतीस. ते पाकीट बंद झालं की ते काम घरात परत येतं. ते कुणाच्या अंगावर पडणार हे आधी ठरलं नाही, तर न बोलता तुझ्याच अंगावर पडेल, तेही बाळंतपणात. मी पुष्कळ घरांत हे पाहिलं आहे. काटकसरीचं कौतुक घराचं होतं आणि पाठ एकीची मोडते. म्हणून बाळ यायच्या आधीच नवऱ्याशी स्पष्ट बोल. लंगोट धुणं, वाळत घालणं, घड्या करणं हे त्याचं काम, ‘मदत’ नव्हे. तो नाही म्हणाला तर लंगोटांचा बेत सोड आणि डायपर आण. मी खरंच सांगते आहे.

घरकामाच्या मावशींना हे काम सांगणार असाल तर त्यांचा पगार वाढवा. वाचलेल्या अठराशेतले सहाशे त्यांना गेले तरी तुमच्याकडे बाराशे राहतात. काम वाढवून पगार तोच ठेवलात तर ती बचत तुम्ही त्यांच्या खिशातून काढलेली असेल.

काही ठिकाणी फेकायची वस्तूच योग्य. जखमेची पट्टी, इंजेक्शनची सुई, यांत काटकसर नाही. उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीला टँकर लागतात असं लिहिलं आहेस. तेव्हा धुण्याचं पाणीही पैशानेच येतं, म्हणून त्या दोन महिन्यांत डायपर थोडे वाढले तर मनाला लावून घेऊ नकोस. बारशाला मात्र कागदी ताटल्या आणू नका. मंडपवाल्याकडे स्टीलची ताटं-वाट्या भाड्याने मिळतात. ती घासून परत करायची की न घासता, हे आधीच विचारून घे, भाडं त्यावर ठरतं.

पुढच्या महिन्याची बिलं पाठव. संचाची ऑर्डर रद्द झाली का तेही कळव. आणि नवऱ्याचं उत्तर काय आलं, ते त्यालाच लिहायला सांग.

तुझ्या,
बाई