वडिलांना पीसीएल-५ मध्ये २४ गुण आले, म्हणजे पीटीएसडी नाही असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सबरोबर होते, आता खानापूरकडे शेती बघतात. रात्री ओरडत उठतात, गणपतीत बॉम्ब वाजायला लागले की परड्यात जाऊन बसतात. तुम्ही मोबाईलवरून पीसीएल-५ चे, म्हणजे पीटीएसडीची (भयंकर प्रसंगाच्या आघातानंतर राहणाऱ्या मानसिक आजाराची) लक्षणं मोजणाऱ्या प्रश्नावलीचे, २० प्रश्न वाचून दाखवले, ते उत्तरं देत गेले, बेरीज २४ झाली.

नाही, त्यावरून आजार नाही असं अजिबात ठरवू नका. मी बेळगावात समुपदेशनाचं काम करते आणि माजी सैनिकांच्या बाबतीत कमी गुणांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

पीसीएल-५ मध्ये मागच्या महिनाभरातल्या त्रासाला प्रत्येक प्रश्नामागे ० ते ४ गुण असतात, एकूण ८०. ३१ ते ३३ गुणांच्या पुढे पीटीएसडीची शक्यता, अशी जी रेषा सांगतात ती अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अभ्यासातून आलेली आहे, आणि तीसुद्धा पुढची नीट तपासणी कुणाची करायची एवढं ठरवायला. निदान होतं ते डॉक्टरांनी किंवा मानसशास्त्रज्ञांनी समोर बसून घेतलेल्या मुलाखतीत.

बेरजेपेक्षा उत्तरं कुठे पडलीत ते बघा. पहिले पाच प्रश्न नको असताना येणाऱ्या आठवणी आणि स्वप्नांचे, ६ आणि ७ टाळण्याचे, ८ ते १४ मन आणि विचार बदलल्याचे, १५ ते २० चिडचिड, दचकणं, झोप यांचे. पहिल्या दोन गटांत प्रत्येकी एका आणि पुढच्या दोन गटांत प्रत्येकी दोन प्रश्नांना २ किंवा जास्त गुण असतील, तर पीटीएसडीचा नमुना जुळतो. तो २४ बेरजेतही जुळू शकतो. उलटंही होतं: झोप, लक्ष न लागणं, चिडचिड हे नैराश्यातही असतं, म्हणून मोठी बेरीज आली तरी ती पीटीएसडीचीच असेल असं नाही.

आणि प्रश्न विचारले कुणी, याला फार महत्त्व आहे. जवळच्या माणसांबद्दल प्रेम वाटेनासं झालंय का, असं एक कलम त्यात आहे. घडलं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देता का, असं दुसरं. आई स्वयंपाकघरात, पोरगा मोबाईल घेऊन समोर, अशा वेळी कुठला बाप यावर खरं बोलेल? नोकरीत असताना मेडिकल कॅटेगरी (सैन्यातली तब्येतीची श्रेणी) खाली जाईल म्हणून गप्प राहायची सवय लागलेली असते, ती पेन्शनीवर आल्यावर सुटत नाही. ज्यांनी आठवणींपासून लांब राहायची पक्की सोय करून ठेवलीय, म्हणजे पलटणीतल्या कुणाला भेटत नाहीत, बातम्या लावत नाहीत, संध्याकाळी कँटीनची रम घेऊन झोपतात, त्यांना आठवणी येतात का विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं.

म्हणून कागद त्यांच्या हातात द्या, एकट्याला भरू द्या. घरी भरलेला हा फॉर्म सैन्याच्या कुठल्याच रेकॉर्डला जात नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मग तो घेऊन बेळगावच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. ‘वेड लागलंय का मला’ म्हणतील, तर झोपेसाठी दाखवू या म्हणा. झोपेचा त्रास खराच आहे, त्यात फसवणूक काही नाही. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाही जवळ आहे. या आजारावर गोळ्या आहेत, आघातावर काम करणारी समुपदेशन-पद्धत आहे, आणि २० वर्षांपूर्वीच्या घटनेवरही त्याचा उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र आजच करा. पीसीएल-५ मध्ये जीव द्यायच्या विचारांबद्दल एकही थेट प्रश्न नाही, दारूबद्दलही नाही. ते वेगळं आणि सरळ विचारावं लागतं: ‘बाबा, जगू नये असं वाटतं का कधी?’ विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं किंवा ते नुसते गप्प राहिले तर एकटं सोडू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. आपल्याकडचे बरेच माजी सैनिक बँकेत गार्ड असतात आणि लायसन्सची बंदूक घरी असते. तुमच्याकडे असेल तर त्यांना बरं वाटेपर्यंत बंदूक आणि काडतुसं घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात जमा करायची चौकशी करा.