वाचकांचे प्रश्न : नवी भिंत जुन्या भिंतीला कशी जोडायची?

प्रश्न : आमचं गॅरेज विटांचं, एका गाडीपुरतं आणि बरंच जुनं आहे. त्याच्या मोकळ्या अंगाला ३.२ मीटर रुंद आणि गॅरेजइतकीच, म्हणजे ६ मीटर लांब जागा आहे. तिथे दुसरी गाडी आणि बाबांचं सुतारकामाचं टेबल मावेल अशी वाढ बाबा आणि मी सुट्टीच्या दिवशी मिळून बांधणार आहोत. परवानगी मिळाली आहे, आराखडा अभियंत्याने तपासला आहे. घोडं अडलंय ते सांध्यावर. ओळखीचे गवंडी म्हणतात, जुन्या भिंतीतली एकाआड एक वीट काढा आणि नवी भिंत तिच्यात गुंतवा, म्हणजे सगळं एकजीव होईल. भाऊ म्हणतो, जुन्या भिंतीत भोकं पाडून सळ्या ठोका. आराखड्यात त्या जागी नुसतं ‘सांधा’ एवढंच लिहिलंय. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. आराखड्याचं ऐका. तो एक शब्द तिथे उगाच पडलेला नाही.

मीही तुमच्यासारखाच सुट्टीचा गवंडी. नोकरी हिशेबाच्या वह्यांमध्ये गेली. थापी हातात आली ती चाळिशीनंतर. पहिलीच वाढ बांधली तेव्हा मी नेमकं हेच केलं होतं. छिन्नीने जुन्या विटा काढल्या, दाते केले, नवी भिंत त्यात अशी बसवली की कुठे जुनं संपतं नि नवं सुरू होतं ते कळू नये. कळायला पहिला पावसाळा पुरला. सांध्यापासून हातभर अंतरावर, विटांच्या दर्जांमधून, म्हणजे दोन विटांमधल्या मालाच्या सांध्यांमधून, पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली चीर. मी तिच्यावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारून शेजारी तारखा लिहिल्या. दर महिन्याला रेघेची दोन टोकं थोडी आणखी लांब, आणि एक दुसऱ्यापेक्षा खाली. ती खाली सरकलेली टोकं बघितल्यावर मग डोक्यात प्रकाश पडला.

तुमच्या जुन्या भिंतीखालची माती वर्षानुवर्षं ओझं सोसून दबली आहे. तिचं बसणं झालंय. नव्या पायाखालच्या मातीवर आजवर काहीच नव्हतं. तिच्यावर भिंत चढेल तशी ती दबणार, आणि भिंत थोडी खाली उतरणार. हा दोष नाही, मातीचा स्वभाव आहे. पण दाते करून दोन्ही भिंती अडकवल्या की एक उभी राहते, दुसरी उतरू पाहते, आणि मधली वीट मोडते. भावाच्या सळ्यांनीही तेच होईल, फक्त जरा उशिरा. गवंड्यांचं म्हणणं एकाच वेळी, एकाच पायावर चढणाऱ्या दोन भिंतींसाठी अगदी खरं आहे. तुमच्या नव्या कोपऱ्यांत विटा तशाच गुंतवा. जुन्या भिंतीशी मात्र फटकून राहायचं.

फटकून म्हणजे मोजून १२ मिलिमीटर. नवी भिंत जुनीला टेकण्याआधी तेवढी उभी फट ठेवायची आणि तिच्यात दबणाऱ्या फोमची पट्टी भरायची. भिंत बाहेरच्या बाजूला कलू नये म्हणून आधार लागतोच. त्यासाठी जुन्या भिंतीला बोल्टने बसवायची स्टीलची उभी खाचेची पट्टी मिळते. तिच्यात अडकवलेल्या लहान पट्ट्या नव्या भिंतीच्या थरांमध्ये पुरत जायच्या. त्या आडव्या ओढून धरतात, पण खाचेत वर-खाली सरकतात. म्हणजे नवी भिंत उतरली तरी कुणाचं काही मोडत नाही. यात आपल्यासारख्या हौशी माणसाचा आणखी एक फायदा आहे : जुन्या विटांच्या थरांशी नवे थर जुळवायची कटकटच उरत नाही.

बाहेरून फट बुजवताना आधी आत फोमची गोल दोरी दाबायची, मग लवचिक सीलंट. सीलंटची खोली फटीच्या रुंदीच्या साधारण निम्मी. ती दोरी नुसती भर घालायला नसते. सीलंट दोन्ही कडांना चिकटावं आणि पाठीमागे चिकटू नये, यासाठी ती असते; तिन्ही बाजूंनी चिकटलेलं सीलंट ताणायला गेलं की फाटतं. आणि गिलावा करताना फटीवरून सरसकट हात फिरवू नका. फट गिलाव्यातूनही आरपार राहिली पाहिजे. माझ्या दुसऱ्या वाढीत सगळं नीट केलं आणि शेवटच्या दिवशी हौसेने गिलावा सलग ओढला. फटीच्या रेषेत गिलावा इतका सरळ तडकला की पाहुणे विचारायचे, ही डिझाइन आहे का?

आता पाया. जुन्या भिंतीच्या बुडाशी, जिथे नवी भिंत येऊन मिळणार तिथे, दोन-अडीच फूट लांबीचा खड्डा घेऊन जुना पाया कुठवर गेलाय ते डोळ्यांनी बघा. मी पहिल्या वेळी हे न करता अंदाजाने ४५ सेंटिमीटर खणलं होतं. जुना पाया ९० सेंटिमीटरवर निघाला, तोही चीर पडल्यावर शोधायला गेलो तेव्हा. नव्या पायाचं बूड सांध्यापाशी जुन्याच्या बुडाच्या पातळीला आणा. त्याच्या खाली मात्र अजिबात जाऊ नका, नाहीतर जुन्या पायाखालची माती तुमच्या चरात घसरेल. त्या कोपऱ्यातला चर सगळ्यात शेवटी खणायचा आणि उघडा न ठेवता लगेच भरायचा. खड्ड्यात काळी, सुकल्यावर भेगाळणारी माती दिसली, किंवा जुना पाया आराखड्यात धरल्यापेक्षा वेगळा निघाला, तर काम थांबवून अभियंत्याला बोलवा. कमरेपेक्षा खोल चरात टेकू दिल्याशिवाय उतरायचं नाही, बाबांनी तर नाहीच.

आखणीसाठी तुमची मापं सोयीची आहेत. आतून ३.२ गुणिले ६ मीटरचा काटकोन चौकोन असेल तर त्याचा कर्ण बरोब्बर ६.८ मीटर येतो. दोरी बांधून दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ६.८ आले की गुण्या लावायचीही गरज नाही. पातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून घ्या, पण नळीत बुडबुडा राहिलेला नाही ना ते आधी बघा. एका बुडबुड्याने मला एकदा दोन बोटं फसवलंय.

विटा बांधण्याआधी पाण्यात भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि दर्ज भुसभुशीत राहते. माल एकास सहा (सिमेंट एक, वाळू सहा), आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा. नवशिक्याचा अर्धा तास गवंड्याच्या अर्ध्या तासापेक्षा फार लहान असतो, म्हणून दोन घमेल्यांपासून सुरुवात करा. दिवसाला दीड मीटरपेक्षा उंच भिंत चढवू नये असा दंडक आहे. आपल्याच्याने तो मोडणं तसंही होत नाही!

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण बाबांच्या मनात असणारच : मधली जुनी भिंत फोडून दोन्ही गॅरेज एक करायचं. ते तुम्ही दोघांनी करू नका. त्या भिंतीवर जुन्या छताचा भार आहे. आधी छताला टेकू, मग तुळई, मग फोडकाम हा क्रम अभियंत्याने ठरवायचा आणि त्यातल्या माणसांनी करायचा. विजेचं कामही परवानाधारकाकडेच.

प्रश्न : गॅरेजच्या वाढीव भागात काँक्रीटची जमीन करायची आहे. लहान मिक्सरही मिळण्यासारखा नाही. हाताने कालवून दोन माणसांना एका दिवसात जमेल का? आणि गाडी कधी उभी करता येईल?

उत्तर : एका दिवसात नाही, आणि तसं करूही नका. वरच्याच मापाची, १० सेंटिमीटर जाडीची जमीन धरू. १.९२ घनमीटर काँक्रीट झालं, म्हणजे साडेचार टनांहून अधिक वजन. १ : १½ : ३ (सिमेंट : वाळू : खडी) प्रमाणाने सिमेंटची जवळजवळ सोळा पोती. फावड्याने एवढं उलथायचं म्हणजे दुपारनंतर माणसं थकतात, आणि थकलेला माणूस हमखास पाणी जास्त ओततो, कारण पातळ माल ओढायला सोपा. तिथेच जमिनीचा घात होतो. पन्नास किलोच्या पोत्याला एकूण पाणी २५ लिटरच्या आतच हवं, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी त्यातच मोजायचं.

उपाय साधा आहे. मध्ये फळी उभी करून जमिनीचे दोन भाग करा, ३ मीटर गुणिले ३.२. एक भाग या सुट्टीत, दुसरा पुढच्या. १० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटला साधारण तीन मीटरवर सांधा द्यावाच लागतो, नाहीतर सुकताना आक्रसून ते स्वतःच स्वतःचा सांधा पाडतं, आणि तो काही सरळ पाडत नाही. तुमची फळी ते काम फुकटात करते. भिंतींच्या कडेनेही फोमची पट्टी लावा. जमीन भिंतीला चिकटता कामा नये. दोघींचं बसणं वेगवेगळं असतं.

खालचा भराव १५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि कुणाला दिसत नाही. मी धुमसाची मूठ इतकी धरली की रात्री चमचा हातात राहीना. त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, मग काँक्रीट. उतार शटरकडे, मीटरला एक सेंटिमीटर पुरे. गॅरेजमधून घरात दार उघडत असेल तर गॅरेजची जमीन घरापेक्षा एक पायरी खाली ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. ती उंबऱ्यावरून घरात यायला नको.

दुसऱ्या दिवशी चालता येईल. ओली पोती टाकून किमान सात दिवस पाणी मारा. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. आठवड्यात ताकदीचा मोठा हिस्सा येतो, पण ठरवलेली ताकद २८ दिवसांची धरतात. गाडी तेव्हाच आत घ्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी स्वतः गॅरेजला पत्र्याची वाढ जोडली. पत्रा जुन्या भिंतीला जिथे मिळतो तिथून गळतं. तीनदा डांबर लावलं, दोनदा सीलंट. प्रत्येक वेळी पहिल्या सरीला थांबतं, नंतर पुन्हा सुरू. आता काय लावू?

उत्तर : काहीच लावू नका. लावलेलं सगळं खरवडून काढा.

पत्रा उन्हात लांबतो, रात्री आखडतो. नवी भिंत उतरते तसा किंचित कलतोही. जुनी भिंत जागची हलत नाही. त्या दोघांमध्ये चिकटवलेली कुठलीही गोष्ट काही महिन्यांत सुटणारच. तिथे चिकटवायचं नसतं, झाकायचं असतं. भिंतीत पत्र्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर, दर्जेच्या रेषेत, २५ मिलिमीटर खोल आडवी खाच कापा. धातूच्या वाकवलेल्या पट्टीची वरची कड त्या खाचेत अडकवून वरून बुजवा. खालची बाजू पत्र्यावर नुसती पालथी पडू द्या, हातभर तरी. ती पत्र्याला स्क्रूने पिळू नका. पट्टी भिंतीची, पत्रा छताचा. दोघं एकमेकांवरून सरकले तरी पाणी वरून खाली पट्टीवरून पत्र्यावर जातं.

पट्टी टाकण्याआधी उतारही मोजा. पन्हळी पत्र्याला मी दहा अंशांच्या खाली जात नाही, ३.२ मीटर रुंदीला तो ५६ सेंटिमीटर होतो. बहुतेक हौशी वाढींमध्ये इथेच गफलत होते, कारण जुन्या छताची वळचण आड येते आणि माणूस उतार कमी करून वेळ मारून नेतो. पहिला प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी पाया आखण्याआधीच वळचणीची उंची मोजावी. उतार कमी असेल तर वाऱ्याने पाणी उलटं चढतं, मग पट्टी कितीही चांगली असो.

झाल्यावर पाण्याची नळी घेऊन तपासा. सुरुवात खालून करा : आधी नुसत्या पत्र्यावर दहा मिनिटं, मग पट्टीच्या खालच्या कडेवर, मग खाचेवर, सगळ्यात शेवटी वरच्या भिंतीवर. एकदम वरूनच पाणी सोडलंत तर सगळंच ओलं होतं आणि चोर सापडत नाही. आत टॉर्च घेऊन कुणालातरी उभं करा. आमच्याकडे हे काम बायकोकडे आहे. ती खाचेच्या पायरीवर असतानाच ‘बंद!’ म्हणून ओरडली होती, तेव्हा कळलं की एका कोपऱ्यात मी खाच बुजवायचीच विसरलोय.