इओसिनची नवी बाटली उघडल्यापासून स्लाइड फिक्या का येताहेत?

तुम्ही लिहिलंय की ऊतींच्या स्लाइड रंगवण्याची कृती तीच, वेळ तोच, पेशीकेंद्रं निळी करणारं हिमॅटॉक्सिलिनही नीट चढतंय, फक्त बाकीचा भाग गुलाबी करणाऱ्या इओसिनची नवी बाटली उघडल्यापासून गुलाबी रंग जेमतेम दिसतोय. माझाही एक अख्खा आठवडा याच कोड्यात गेलाय. आधी बाटलीचं लेबल वाचा.

नुसतं नाव नको, त्याखालचे बारीक आकडे बघा. कलर इंडेक्स नंबर, म्हणजे रंगाचा ओळख क्रमांक, 45380 असेल तर ते इओसिन वाय. 45400 असेल तर इओसिन बी, म्हणजे रंगच वेगळा. मग डाय कंटेंट, म्हणजे पावडरीत खरा रंग किती टक्के ते. पावडर म्हणजे निव्वळ रंग नसतो, त्यात मीठ असतं, ओलावा असतो. जुन्या बाटलीत 90 टक्के रंग होता आणि नव्यात 70 टक्के असेल, तर पूर्वीच्या 1 ग्रॅमच्या जागी जवळपास 1.3 ग्रॅम घ्यावं लागेल. इओसिन 1870च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश कारो यांनी शोधलं ते कापड रंगवणाऱ्यांसाठी. तिथे थोडं उन्नीस-बीस चालतं, आपल्याकडे नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग मिळेनासे झाले आणि इतरांचे रंग भरवशाचे निघेनात, म्हणून तर अमेरिकेत प्रत्येक बॅच तपासून प्रमाणित करणारं बायोलॉजिकल स्टेन कमिशन उभं राहिलं.

लेबल ठीक निघालं तर पीएच मोजा. माझी चूक तिथेच होती. इओसिनचा रेणू ऋणभारित असतो. पेशीद्रवातली प्रथिनं धनभारित असतील तरच तो त्यांना धरतो, आणि त्यासाठी द्रावण आम्लधर्मी लागतं. ब्ल्यूइंगचं, म्हणजे इओसिनआधी हिमॅटॉक्सिलिनला निळं करणारं, पाणी मात्र अल्कधर्मी. मी घाईत स्लाइड नीट न धुता पुढे ढकलत होतो. रॅकबरोबर थेंब थेंब पाणी इओसिनच्या भांड्यात जात राहिलं आणि पीएच 5च्या वर चढला. ॲसेटिक ॲसिडचे थोडे थेंब घालून तो 4.6 ते 5 मध्ये आणला, त्याच दिवशी गुलाबी परतलं. हात सैल सोडू नका मात्र. फार आम्ल झालं तर इओसिन तळाशी बसतं.

शिवाय इओसिननंतर पातळ अल्कोहोलमध्ये स्लाइड रेंगाळत असेल तर चढलेला रंगही धुऊन जातो.

दुरुस्ती केल्यावर स्नायू आणि रक्तवाहिनी दोन्ही असलेला एक सेक्शन (ऊतीचा पातळ काप) रंगवून बघा. लाल रक्तपेशी सगळ्यांत गडद, जवळपास नारिंगी लाल; स्नायू मध्यम गुलाबी; कोलॅजेन फिकट. या तीन छटा वेगळ्या ओळखू आल्या तरच ते भांडं रोजच्या कामाला लावा. सगळं एकसारखं गुलाबी दिसत असेल, तर रंग भरपूर चढलाय म्हणून समाधान मानू नका, अल्कोहोलमधला वेळ थोडा वाढवा, म्हणजे जादा रंग निघून जाईल.