‘विराणी’ आणि ‘वेडात’ : नेसरीच्या गाण्यातील दोन शब्द

गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, कुसुमाग्रजांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या गीताच्या अखेरीस ‘अद्याप विराणी कुणी वाऱ्यावर गात’ अशी जी ओळ येते, तिच्यातील ‘विराणी’ म्हणजे नेमके काय. स्नेहसंमेलनाच्या एका पत्रिकेत या शब्दापुढे ‘वैराण माळावरचे गाणे’ असा अर्थ छापलेला त्यांनी पाहिला आणि तो त्यांना खटकला. त्यांचा दुसरा प्रश्न ‘वेडात’ या शब्दाविषयी आहे : कवी या शब्दाने त्या वीरांचा गौरव करतो, की त्यांच्या अविचारावर बोट ठेवतो?

गीतामागचा प्रसंग कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकांना नव्याने सांगायला नको, कारण नेसरी गडहिंग्लज तालुक्यातच आहे. १६७३ साली उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या बहलोलखान या आदिलशाही सरदाराला मराठ्यांचे सरनोबत (सेनापती) प्रतापराव गुजर यांनी जाऊ दिले, खान पुन्हा उलटला, आणि त्याला मारल्यावाचून तोंड दाखवू नये अशा अर्थाचा शिवाजी महाराजांचा निरोप प्रतापरावांना गेला, असे बखर सांगते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. महाराजांचा राज्याभिषेक त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी, ६ जूनला झाला.

आता ‘विराणी’. पत्रिकेतील अर्थ चुकीचा असला तरी तो कसा सुचला असेल, हे समजण्यासारखे आहे. ‘वैराण’ हा शब्द फारसीतील ‘वीरान’वरून मराठीत आला आणि याच गीतात म्यान, समशेर, दर्या, गनीम, रिकीब असे फारसी-अरबी वळणाचे शब्द ओळीओळीला भेटतात, शिवाय हिंदी-उर्दूत ‘वीरानी’ असे नाम आहेच. त्यात नेसरीचा परिसर डोळ्यांपुढे असला, की ओसाड माळ, वारा आणि त्यावर तरंगणारे गाणे हे चित्र आपोआप जुळते. परंतु ओळीचे व्याकरण या अर्थाला आधार देत नाही. ‘कुणी विराणी गात’ या रचनेत ‘विराणी’ हे गाण्याच्या क्रियेचे कर्म आहे, म्हणजे जे गायले जाते ते. ओसाडपणा कोणी गात नाही. ‘माळावरचे गाणे’ हा अर्थ तर मूळ शब्दातून निघतच नाही, तो वाऱ्याच्या उल्लेखावरून चिकटवलेला आहे.

विराणी हा मराठीतील एका गीतप्रकाराचा शब्द आहे आणि तो ‘विरहिणी’ या शब्दाचे रूप मानला जातो. विरहिणी म्हणजे प्रियकराच्या वियोगाने झुरणारी स्त्री. पुढे तिच्या तोंडी घातलेल्या पदालाही तेच नाव मिळाले. ज्ञानदेवांच्या ‘घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा’ या अभंगाकडे पाहिले की हा प्रकार चटकन लक्षात येतो. ढगांचा आवाज आहे, वारा वाहतो आहे, चंदन आणि चांदणे अंगाला सोसवत नाही, आणि कान्ह्याला लवकर भेटवा एवढेच मागणे आहे. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ या पदात हीच विरहिणी कावळ्याच्या ओरडण्यातून पाहुण्याच्या येण्याचा शकुन शोधते. कुसुमाग्रजांच्या ओळीत ‘वाऱ्यावर’ हा शब्द ‘विराणी’च्या शेजारी येतो, तेव्हा ज्याच्या कानात ज्ञानदेवांचा तो वारा आहे, त्याला दोन्ही एकत्र ऐकू येतात. कवीने हे जाणूनबुजून केले असा दावा मी करणार नाही. मराठी वाचकाला ते तसे ऐकू येते, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

अर्थ देताना ‘शोकगीत’ असा पर्यायही कोणी सुचवील. तो जवळचा वाटला तरी पुरेसा नाही. शोकगीत मृत्यू झाला हे मान्य करून सुरू होते, विराणी मात्र परतण्याची वाट पाहत असते. तिच्यातले माणूस दूर आहे, गेलेले नाही. गेलेल्या वीरासाठी आपल्याकडे पोवाडा आहे. डफाच्या थापेवर, भरल्या सभेत, नावागावासह तो गायला जातो. या कवितेच्या अखेरीस कवी शाहिराला उभे करत नाही. तो म्हणतो ‘कुणी’, आणि त्या कुणाचे नाव, गाव किंवा लिंगही सांगत नाही.

मला स्वतःला ती गाणारी घरातली स्त्री वाटते आणि याचे कारण कवितेतच आहे. सरनोबताला आलेल्या पत्रात, सेना पळाल्याचे ऐकून ‘अबलाही घरोघर खऱ्या लाजतील आता’ असा वर्मी लागणारा टोमणा आहे. कवितेत घराचा उल्लेख येतो तो एवढाच. त्यानंतर घोडे, भाले, आग, रक्त. आणि अगदी शेवटी विरहिणीचे गाणे. ज्या घरांच्या लाजेचा दाखला देऊन या माणसांना रणात धाडले, त्याच घरांतून कोणीतरी अजून त्यांची वाट पाहते आहे, असा पहिल्या आणि शेवटच्या टोकाचा संबंध लावता येतो. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथे फौजेत माणूस असणे हीच घराची रीत आहे, तिथे हा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

या शेवटच्या कडव्यातील काळाकडेही लक्ष द्यावे. ‘अजुनी’ हा शब्द तीनदा येतो आणि चौथ्या ओळीत त्याची जागा ‘अद्याप’ घेतो. दगडांवर टाचांच्या खुणा ‘दिसतील’ हा संभाव्य भविष्यकाळ आहे, म्हणजे गेलात तर दिसतील. ओढ्यात रक्ताचा रंग ‘तरंगे’ आणि क्षितिजावर मातीचा मेघ ‘उठतो’ हा वर्तमानकाळ आहे. ‘गात’ला मात्र ‘आहे’ही नाही आणि ‘होते’ही नाही. यमकासाठी ‘सात’शी जुळणारा शब्द हवा होता हे खरे, पण क्रियापद असे उघडे राहिल्याने गाणे कोठे संपले हे सांगायची सोयच उरत नाही. म्हणून पत्रिकेत अर्थ द्यायचाच असेल, तर ‘वाट पाहणाऱ्या व्यक्तीचे विरहगीत’ असा द्यावा.

‘वेडात’विषयी थोडक्यात लिहितो. रागात, झोपेत, भरात या रूपांप्रमाणे इथेही सप्तमीचा प्रत्यय मनाची अवस्था सांगतो. मराठीत ‘वेड’ हा शब्द केवळ दोषवाचक कधीच नव्हता. कुस्तीचे किंवा फुटबॉलचे वेड म्हटले की कोल्हापूरकर ते भूषण मानतो. आपल्याकडे स्तुतीची कमाल झाली की ‘नाद खुळा’ म्हणतात आणि ‘खुळा’ म्हणजे वेडाच. तरीही या कवितेत शब्दाचा दुसरा पदरही शाबूत आहे, हे नाकारू नये. सेनापतीने अख्खी सेना मागे ठेवून सहा जणांनिशी शत्रूच्या छावणीत शिरणे युद्धशास्त्राच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही, आणि कवीने ते झाकलेले नाही : मागे राहिलेल्या सेनेला तो ‘आश्चर्यमुग्ध’ म्हणतो. सरदाराच्या स्वतःच्या फौजेलाही जे कळले नाही, ते ‘वेड’. गौरव आणि अविचार असे दोन कप्पे करून त्यांपैकी एकात हा शब्द टाकला, तर ‘आश्चर्यमुग्ध’ची जागा चुकते.

म्हणताना एक काळजी घ्यावी. ‘वेडात’ हे ‘दौडले’ या क्रियापदाचे क्रियाविशेषण आहे, ‘मराठे’ या नामाचे विशेषण नाही. मुले घाईने ‘वेडात-मराठे’ असे जोडून म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘वेडे मराठे’ असा भास होतो. ‘वेडात’नंतर किंचित थांबून पुढचे चार शब्द एका दमात म्हटले, तर अन्वयही स्पष्ट होतो आणि ‘सात’वरचा आघातही नीट पडतो.