नुसते सरळ झगे, त्यात काय बघायचं?

प्रश्न : सध्या मी लेकीकडे हेलसिंकीजवळच्या एस्पोला आले आहे. गेल्या रविवारी तिनं हौसेनं हेलसिंकीला नेऊन फिनलंडच्या फॅशनच्या इतिहासाचं प्रदर्शन दाखवलं. दालनांत अंधार, आणि पुतळ्यांवर बिनकमरेचे सरळसोट झगे, आपल्या गाऊनसारखे. वीस मिनिटांत मी बाहेर येऊन बसले. लेक हिरमुसली. माझं काही बघायचं राहून गेलं का?
— एक वाचक, मुक्काम एस्पो

उत्तर : हो ताई, राहून गेलंय. पण तुम्ही अजून तिथेच आहात, याचा मला फार आनंद झाला.

आधी अंधाराचं. उजेडानं कापडाचा रंग उडतो, धागा जून होतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून जुने कपडे ठेवतात तिथं प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) ठेवतात. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. डोळे सरावले की रंग दिसू लागतात.

आता झगे. हा शब्द तुम्ही अगदी नेमका वापरलात. फिनिश भाषेत ‘मेक्को’ म्हणजे झगा, आणि मारिमेक्को, म्हणजे असे झगे करणारी तिथली नावाजलेली कंपनी, तिच्या नावाचा अर्थच ‘मारीचा झगा’. ती सुरू करणाऱ्या आर्मी रातिया यांच्या नवऱ्याचा प्रिंटेक्स हा कारखाना आधी मेणकापड करायचा. पुढे तिथं सुती कापडावर ठळक नक्षी छापायला लागले. लोक वाहवा करायचे, पण त्या कापडाचं करायचं काय, हे कुणाला उमगेना. मग फॅशन डिझायनर रिइता इम्मोनेन यांनी त्याचे कपडे बेतले, २० मे १९५१ रोजी हेलसिंकीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये ते घालून दाखवले, आणि त्याच आठवड्यात मारिमेक्को कंपनी नोंदली गेली.

तेव्हा पॅरिसची फॅशन म्हणजे करकचून आवळलेली कंबर. मी तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवते. कमरेला टक्स घेतले की मोठ्या नक्षीचं काय होतं, ते रोज बघते. फूल अर्धं शिवणीत जातं. सरळ बेतलं की नक्षी अखंड राहते, आणि आतल्या बाईला वाकता येतं, सायकल चालवता येते, पोटभर जेवता येतं. जॅकलीन केनेडी यांनी १९६० च्या निवडणुकीच्या धामधुमीत हेच सुती झगे घातले होते.

त्याआधीची युद्धकाळातली मांडणी लागली, तर तिथं नक्की थांबा. कापूस, लोकर, चामडं मिळेना, तेव्हा फिनलंडमध्ये कागदाच्या सुताचं कापड विणलं गेलं. बुटांना लाकडी तळ आणि वर तेच कागदी कापड. अशा दिवसांनंतर रंगीत सुती झगा अंगावर चढवताना त्या बायकांना काय वाटलं असेल!

आणि एक शर्ट शोधा. ‘योकापोइका’, १९५६ चा, मारिमेक्कोच्या डिझायनर वुओक्को एस्कोलिन-नुर्मेस्निएमी यांचा. पुरुषांसाठी केलेला, पण बायकांनीही तो आपलासा केला. लांबून नुसत्या उभ्या रेघा दिसतील. पट्टीनं ओढलेल्या नाहीत, कुंचल्यानं मारल्यासारख्या आहेत. कडा किंचित थरथरतात. दोन रंग एकमेकांवर चढतात तिथं तिसरा रंग उमटतो, म्हणजे छापायचे दोनच रंग आणि दिसतात तीन. हेलसिंकीहून परतल्यावर मी क्लासच्या मुलींना मांजरपाटाच्या तुकड्यावर पिवळा आणि निळा रंग घेऊन हे करून बघायला लावलं. पहिल्या दिवशी सगळ्यांचा चिखल झाला. खालचा रंग किती पातळ हवा आणि तो कितपत वाळू द्यायचा, हे जमायला आठवडा गेला.

‘उनिक्को’, म्हणजे ती मोठाली खसखशीची फुलं, तुम्ही लेकीच्या घरात पडद्यावर किंवा कपावर पाहिलीच असतील. फुलं छापायची नाहीत, असं आर्मीबाईंनी बजावलं होतं. मारिमेक्कोच्याच डिझायनर माइया इसोला यांनी १९६४ मध्ये ती काढलीच. मला स्वतःला मात्र त्या फुलांपेक्षा रेघाच जास्त आवडतात.

तेव्हा लेकीला सांगा, पुन्हा जाऊ या. या वेळी जवळचा चष्मा न्या, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, आणि सुरुवात त्या शर्टापासून करा. बाहीची शिवण जुळते तिथं रेघा कशा मिळवल्यात, ते मला कळवा. माझ्या वहीत ते टिपायचं राहिलंय.